टेपताईचा रस्ता

"ओ बाई! थांबा जरा... हो, तुम्हालाच म्हणतोय!"

ती थांबली नाही. भर सकाळी, भर रस्त्यात आपल्याला कोणी असं दरडावेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचं सगळं लक्ष होतं पुढे चाललेल्या तीन पोरींकडे. पाठीवर दप्तरं डुलत होती, तोंडं अखंड चालू होती. त्यातली सर्वांत बारकी पोर फुटपाथ सोडून लॉन्ड्रीच्या पायरीवर चढली, तिथून टुणकन उडी मारून थेट रस्त्यावर उतरली आणि उभ्या टेम्पोला वळसा घालून पुन्हा वर आली. ती जिथे उतरली तिथे हिने वाकून खडूने एक फुली मारली, मान वर केली, तर समोर खांब.

म्हणजे माणूसच होता तो. पण इतका उंच, इतका सरळ आणि इतका वाटेत, की दुसरं काही सुचूच नये. गळ्यात शिट्टी, शर्टाच्या बाहीला खडूची भुकटी.

"काय चाललंय हे? परवापासून बघतोय मी. आमच्या मुलींच्या मागे मागे फिरताय, जमिनीवर खुणा करताय. कोण तुम्ही?"

"मी... रस्ते विभागातली आहे. इंजिनिअर."

"रस्ते विभागातलं माणूस," त्याने भुवया उंचावल्या, "आणि रस्त्यावर? काहीतरी पटेल असं सांगा हो."

तिने ओळखपत्रासाठी खिशात हात घातला. खिसा रिकामा. ओळखपत्र कालच्या जाकिटात होतं आणि जाकीट आईने सकाळीच धुवायला टाकलं होतं. शेवटी तिने पिशवीतून मोजायची टेप काढून त्याच्यापुढे धरली.

"हे बघा, टेप."

"टेप आमच्या शिंप्याकडेही आहे."

एव्हाना तिन्ही पोरी मागे वळून मजा बघायला आल्या होत्या. बारकीचे पुढचे दोन दात पडलेले. ती त्या फटीतून हसत म्हणाली, "सर, ही टेपताई आहे! ती रोज आमच्या मागे येते. काल तिने माझी ढांग मोजली."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही."

तरीही सरांनी तिला शाळेत नेलंच. पुढे सर, मागे ती, आणि तिच्या मागे आनंदाने नाचणाऱ्या तीन पोरी, अशी वरात मुख्याध्यापक बाईंच्या दारात पोचली. बाईंनी चष्मा वर केला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, यांचं पत्र मागच्याच आठवड्यात आलंय! मुलं कुठून कशी चालतात ते बघायला येणार आहेत म्हणून. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा डबा खात होतात."

सरांचे कान लाल झाले. आधी टोकं, मग पाळ्या, मग मानेपर्यंत सगळं. तिच्या नाकावर एरवी कायम राग बसलेला असायचा, पण ते कान बघून तो कुठे गेला तिलाच कळलं नाही. ही गोष्ट तिने पुढे बरेच दिवस स्वतःशीसुद्धा कबूल केली नाही.

आता ही टेपताई पोरांच्या मागे का फिरत होती, तेही सांगायला हवं. नोकरीला लागल्यापासून तिच्या वाट्याला एकच काम आलं होतं, गटारांची झाकणं. तुटलेली काढायची, नवीन बसवायची. तिची आई मात्र दिसेल त्याला सांगायची, "माझी लेक शहराचे रस्ते बांधते!" मग ती चरफडायची. "आई, मी झाकणं बसवते गं." त्यावर आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "झाकणं रस्त्यावरच असतात ना?"

यंदा पहिल्यांदाच शहराने प्राथमिक शाळांच्या वाटांसाठी वेगळा निधी ठेवला होता, मुलांना चालत, न घाबरता शाळेत जाता यावं म्हणून. अट एवढीच की एक वाट नमुना म्हणून आधी समितीला दाखवायची. समितीला पटली तर ती बांधायची आणि मग इतर शाळांच्याही. नाही पटली, तर सगळा निधी बाजारातल्या नव्या वाहनतळाला. साहेबांनी सहज विचारलं होतं, "कोण करतंय?" कोणी हात वर करेना. हिने केला. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचा असा एक रस्ता मिळाला होता आणि तो कोणाच्या बापालाही हिरावून घेऊ द्यायचा नाही, हे तिने त्याच क्षणी ठरवून टाकलं.

आतापर्यंत ती वस्तीच्या बाजूलाच मोजमाप करत होती; दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठा रस्ता मोजायला त्याच्या कडेला आली. ह्या रस्त्याच्या अलीकडे वस्ती, पलीकडे शाळा, आणि मधून फर्निचर बाजाराचे टेम्पो सुसाट धावायचे. आणि रस्त्याच्या बरोबर मधोमध सर उभे होते. उजवा हात उंच वर. शिट्टी वाजली की टेम्पो थांबत, बस थांबत, पोरं पळत सुटत.

"रोज असे उभे राहता?" तो कडेला आल्यावर तिने विचारलं.

"रोज."

"हात दुखत नाही?"

"दुखतो की. म्हणून तर शेवटच्या तासाला मी फळ्यावर वरच्या ओळीत लिहीत नाही." मग तो थोडा घुटमळला. "कालचं... ते... माफ करा हं. मला खरंच वाटलं..."

"की मी पोरं पळवते?"

"तुमच्या पिशवीत खडू होता. खडू असलेल्या माणसावर मी लगेच विश्वास ठेवायला हवा होता."

ती हसली. हसायचं ठरवलेलं नसताना हसू आलं की माणूस किती छान दिसतो, हे त्याने तेव्हा पाहिलं आणि शिट्टी वाजवायची वेळ चुकवली.

त्या दिवसापासून दोघं रोज सकाळी त्या रस्त्यावर भेटू लागले. तिला कळायचं होतं की पोरं नकाशावरच्या वाटेने का चालत नाहीत, आणि त्याला सगळी उत्तरं माहीत होती. लॉन्ड्रीच्या पायरीवर मांजर असते. पिठाच्या गिरणीपाशी फुटपाथ एवढा अरुंद आहे की दप्तर घासतं. कोपऱ्यावर टेम्पो उभे असतात, म्हणून पोरांना गाड्या दिसत नाहीत आणि गाड्यांना पोरं. तो सांगायचा, ती मोजायची, खडूच्या फुल्या वाढत जायच्या. रिमझिम पाऊस आला की फुल्या धुऊन जायच्या. मग दोघं एका छत्रीखाली उभे राहून पाऊस थांबायची वाट बघायचे... आणि खरं सांगायचं तर तो थांबू नये अशी इच्छाही करायचे. छत्री तो धरायचा. त्याच्या उंचीमुळे तिच्या डोक्यावर निम्मा पाऊस पडायचा, पण तिने तक्रार केली नाही.

"तुम्हाला मुलं खांब सर म्हणतात म्हणे," ती एकदा छत्रीखालून म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"आमच्या गोटातली बातमी आहे. पण माझी जरा अडचण झालीये. वाटेत मध्येच खांब असला की आम्हाला तो हलवावा लागतो."

"मग हलवा की."

"इतकं सोपं नसतं ते. आधी तो कोणाच्या मालकीचा आहे, ते शोधावं लागतं."

"कोणाच्याच नाही," तो समोरच्या पावसाकडे बघत म्हणाला. "म्हणजे... अजून तरी."

ती लगबगीने खाली वाकली आणि मघाशी मोजलेला फुटपाथ पुन्हा मोजू लागली. आकडा काही केल्या डोक्यात राहीना.

आराखडा तयार झाला. रस्ता ओलांडायच्या जागी सगळा रस्ताच फुटपाथाच्या उंचीला आणायचा, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागेल. दोन्ही कोपऱ्यांवर फुटपाथ पुढे ओढायचा, म्हणजे तिथे टेम्पो उभाच राहणार नाही आणि पोर लांबून दिसेल. मध्ये थांबायला छोटंसं बेट. तिने कागद साहेबांपुढे ठेवला, तेव्हा साहेबांनी चहा बाजूला सारला. "समितीला जागेवर बोलवा," ते म्हणाले. "त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितलं की नाही म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही."

तिने ही बातमी सरांना सांगितली. आणि इथेच घोटाळा झाला. मनापासून मुलं शिकवणारा मास्तरच करू शकेल असा घोटाळा.

शाळेत पाहुणे येणार म्हटलं की मास्तर काय करतो? तयारी करून घेतो. त्यात ह्या पाहुण्यांसमोर तिची मान ताठ राहायला हवी होती, म्हणजे तयारीही तशीच व्हायला हवी. खांब सरांनी पोरांना सांगितलं, टेपताईसाठी एकदम नीट चालायचं हं! मधल्या सुट्टीत मैदानावर चुन्याने खोटा रस्ता आखला. जोड्या लावल्या. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, चला. पोरांना तर असलं काही हवंच असतं. तिला मात्र त्याने एका शब्दाने कळू दिलं नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला.

समिती आली. पाच-सहा माणसं, छत्र्या, आणि सगळ्यांच्या पुढे अध्यक्षबाई. आवाज खणखणीत, नजर कोणालाही पाणी पाजेल अशी. घंटेच्या आधी वस्तीतून पोरं आली ती जोडीने, इस्त्रीच्या गणवेशात, हात हातात घालून, तोंडं मिटून. लॉन्ड्रीच्या पायरीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. फटीची पोर तर इतकी सरळ चालत होती की ओळखू येईना. मधोमध सर, पांढरे हातमोजे घालून. हात वर झाला, टेम्पो जागच्या जागी थांबले, आणि सगळी शाळा ओढ्यासारखी संथपणे पलीकडे गेली.

टेपताईच्या तोंडचं पाणी पळालं.

"वा!" अध्यक्षबाईंनी टाळ्या वाजवल्या. "काय ही शिस्त! मला सांगा, इथे रस्ता फोडायची गरजच काय? असा एक शिक्षक प्रत्येक शाळेला मिळाला की निधी वाचला आपला. सर, पुढच्या बैठकीत आम्ही तुमचा सन्मान करणार. यायचं हं!"

सर हातमोजे घालून हसत उभे होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू हळूहळू विरून गेलं.

शाळा सुटल्यावर ती थेट वर्गात शिरली. तो पोरांच्या छोट्या खुर्च्या एकावर एक रचत होता.

"काय करून ठेवलंस तू हे?" तळपायाची आग मस्तकात गेली की अहो-जाहो कुठल्या कुठे जातं. "कळतंय का तुला?"

"मला वाटलं... एवढे मोठे लोक येणार, तुमची मान खाली जायला नको..."

"माझी मान? अरे, पोरं टेम्पोआडून डोकावतात, अर्ध्यातून मागे पळतात, गाडी बघून गोठून उभी राहतात, ते दाखवायलाच मी त्यांना बोलावलं होतं! आणि तू त्यांना संचलन दाखवलंस!"

तो मटकन एका छोट्या खुर्चीवर बसला. गुडघे हनुवटीला आले.

"म्हणजे... रस्ता कसा आहे ते मी झाकून ठेवलं."

"हो. झाकणं बसवायचं काम माझं होतं," ती म्हणाली, "तेही तू घेतलंस."

ती गेली. पुढचे काही दिवस ती सकाळी त्या रस्त्यावर फिरकली नाही. सर मात्र रोज उभे राहत होते आणि रोज लॉन्ड्रीच्या दिशेने बघत होते. पोरांनी विचारलं, "टेपताई कुठाय?" तर म्हणत, "चला, चला, उशीर होतोय."

घरी आईने ताट वाढता वाढता विचारलं, "रस्त्याचं काय झालं गं?" तिने झालं ते सांगून टाकलं. आई तिच्याजवळ बसली. "हे बघ, नाही म्हटलं तर नाही म्हणू देत. पण बैठकीतून तू न बोलता परत आलीस असं मला कळता कामा नये. तशी माझी लेक नाही." ही पोर एवढी ताठ मानेची कुठून आली, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना उत्तर मिळालंच असेल.

बैठकीचा दिवस उजाडला. सभागृह भरलेलं. ती साहेबांच्या शेजारी नकाशा मांडीवर घेऊन बसली होती. पहिलाच विषय सन्मानाचा. सरांचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या वाजल्या. ते मंचावर गेले, पण पुष्पगुच्छ घ्यायला हात पुढे केला नाही. त्यांनी माइक आपल्या उंचीला ओढून घेतला.

"हे मला नको," ते म्हणाले. "मी तुम्हाला फसवलं. मुद्दाम नाही, पण फसवलं. तुम्ही पाहिलंत ती माझी तालीम होती. गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलाला तिथेच टेम्पोची धडक बसली. पाय मोडला त्याचा. त्या दिवसापासून मी उभा राहतो. मला ताप आला तरी उभा राहतो, कारण घरी पडून राहायची मला भीती वाटते. तुम्ही ज्याला शिस्त म्हणालात ना... ती माझी भीती आहे. एका माणसाच्या हातावर पोरांचा जीव टांगलेला असेल तर त्याला सुरक्षित वाट म्हणत नाहीत. वाट कशी असते ते त्या बसल्यात, त्यांना विचारा. त्यांच्याइतका तो रस्ता शहरात कोणाला माहीत नाही. मलासुद्धा नाही."

गेल्या वर्षीचं ते तिलाही माहीत नव्हतं. तो एवढ्या सगळ्या टाळ्या, एवढा मान भरसभेत परत करून खाली उतरला, तेव्हा तिचा ऊर अभिमानाने भरून आला. आणि त्या अभिमानात आणखी काहीतरी होतं, ते आता नाकारण्यात अर्थ नव्हता.

ती उठली. नकाशा लावला. पोर कुठे उतरतं, का उतरतं, टेम्पोवाल्याला ते कधी दिसतं, तोवर किती उशीर झालेला असतो... ती सांगत गेली. साहेब चष्मा पुसत बसले.

"एक सांगा," अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "सर नसतील तर गाड्या थांबतील?"

"थांबतील. रस्ता थांबवेल त्यांना."

"खात्री आहे?"

"माझा रस्ता आहे तो, बाई."

अध्यक्षबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मंजूर. पण पहिल्या दिवशी मी येणार. आणि सर, तुम्ही कडेला उभं राहायचं. तुमचा हात एकदा जरी वर गेला तर मी समजेन की रस्ता फसला. मग बाकीच्या शाळांचा निधी विसरा."

काम सुरू झालं. ती दिवसभर उन्हातान्हात उभी. तो मधल्या सुट्टीत कुंपणापलीकडून बघायचा. एकदा तो हळूच म्हणाला, "पुन्हा कधी न विचारता मदत करणार नाही. कानाला खडा." ती म्हणाली, "विचारून करत जा." बस्स, एवढंच बोलणं झालं, पण त्या दुपारी तिला ऊन लागलं नाही.

आणि ती सकाळ आली. ताज्या डांबराचा वास, पांढरेशुभ्र पट्टे, कोपरे मोकळे. तिने स्वतः तो रस्ता टेम्पोंच्या गर्दीत कित्येकदा ओलांडून बघितला होता. एका बाजूला समिती उभी. गर्दीत आई कोणाला तरी सांगत होती, "हा रस्ता माझ्या लेकीने बांधलाय."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी समितीची अध्यक्ष आहे."

"असाल हो. पण बांधलाय माझ्या लेकीने."

वस्तीतून पोरं आली. आज रांग नव्हती, जोड्या नव्हत्या. कोणी धावत होतं, कोणी भांडत होतं, कोणी बुटाची नाडी ओढत होतं. फटीची पोर सर्वांत पुढे. फटीत आता एक नवा दात उगवला होता. ती पट्ट्यांच्या काठाशी आली आणि थांबली. वळणावरून एक भरलेला टेम्पो आला.

टेपताईच्या शेजारी सर उभे होते. उजवा हात आपोआप वर जाऊ लागला... एवढ्या दिवसांची सवय, एवढ्या दिवसांची भीती. तिने तो हात मनगटाशी धरला आणि घट्ट खाली दाबून ठेवला.

"थांब," ती पुटपुटली. "माझ्यावर विश्वास आहे ना?"

"आहे," तो म्हणाला.

टेम्पो चढाशी आला. नाक खाली गेलं, वेग मंदावला. ड्रायव्हरने पोर पाहिली. आणि टेम्पो थांबला. कोणी शिट्टी वाजवली नव्हती, कोणी हात केला नव्हता. पोरीने एकदा ड्रायव्हरकडे पाहिलं आणि रमतगमत, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत पलीकडे गेली. तिच्या मागे सगळी शाळा. मागे बस थांबली, मोटारी थांबल्या. अध्यक्षबाई टाळ्या वाजवायच्या विसरल्या. आईने मात्र डोळ्यांना पदर लावला आणि शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून रडून घेतलं.

"टेम्पो गेला," तो बऱ्याच वेळाने म्हणाला.

"माहितीये."

"माझा हात..."

"दुखतोय?"

"नाही. सोडू नकोस, एवढंच सांगायचं होतं."

पलीकडे शाळेची घंटा झाली. खांब सरांना नोकरीत पहिल्यांदाच उशीर झाला होता. दोघं पट्ट्यांवर उतरले. इकडून बस थांबली, तिकडून एक टेम्पो. अर्ध्यावर पोचल्यावर, त्या छोट्याशा बेटावर, तो उभाच राहिला.

"आता काय झालं?"

"मला विचारून मदत करायला सांगितलं होतंस ना? मग विचारतो. आयुष्यभर करू?"

तिने बसकडे पाहिलं. खिडक्यांमधून डोकी बाहेर आली होती. मागे फुटपाथवर आई, साहेब आणि अख्खी समिती माना उंचावून उभी होती. तिच्या रस्त्यावर, तिच्या बेटावर, हा लाल कानांचा माणूस उत्तराची वाट बघत होता. आणि आपल्याला ह्या माणसाचा आणि ह्या रस्त्याचा अभिमान एकत्रच वाटतोय, वेगळा काढताच येत नाहीये, हे तिला लख्ख कळलं.

"हो," ती म्हणाली. "हो, कर. मला तू आवडतोस. पण आता चल बाबा, लोकं आपल्यासाठी थांबलीत."